स्वर कोणाचा?

इंग्लंडच्या पूर्वेस लिंकनशायर नांवाचा सपाट शेतीचा परगणा आहे. तेथील ब्रिग ह्या बाजारगांवीं १९०६ सालीं पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियांत जन्मलेला तरुण पियानोवादक एक फोनोग्राफ घेऊन गेला. मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारें तें यंत्र. जोसेफ टेलर नांवाच्या सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थाला त्यानें त्या यंत्राच्या कर्ण्यासमोर उभें केलें आणि गावयास सांगितलें. टेलर हा एका जमीनदाराच्या शेतीचा कारभारी. गाणें हा कांहीं त्याचा धंदा नव्हे. लहानपणीं कानांवर पडलेलीं गाणीं त्याच्या गळ्यांत राहिलीं होतीं, तीं त्यानें गाइलीं, आणि यंत्रानें तीं टिपून घेतलीं.

आज ह्यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. पण त्या काळच्या लोकगीतसंग्राहकांना ही रीत पसंत नव्हती. तीन वर्षांपूर्वीं, १९०३ सालीं, सेसिल शार्प ह्या संगीतशिक्षकानें सॉमरसेट परगण्यांतील हॅम्ब्रिज येथें एका माळ्याच्या तोंडचें गाणें ऐकून तें तेथल्या तेथें कागदावर उतरून घेतलें होतें, आणि तेव्हांपासून इंग्रजी लोकगीतें गोळा करण्याचा मोठा उद्योग त्यानें आरंभिला होता. शार्पचीं हत्यारें दोनच: कान आणि पेन्सिल. ग्रेंजरचें म्हणणें असें कीं, पेन्सिल सर्व गाणें इस्तरी केल्यासारखें सरळ करून टाकते. म्हातारा प्रत्येक कडव्याला वेगळी हरकत घेतो, एखादा स्वर किंचित् उतरवितो, ताल मध्येंच लांबवितो. हें सगळें कागदावर येत नाहीं, मेणावर येतें. उलट शार्पचें म्हणणें असें कीं, यंत्र पुढें आलें म्हणजे गाणारा बुजतो, आणि मग जें टिपलें जातें तें त्याचें नेहमींचें गाणें राहत नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परी खरें होतें. आज मात्र टेलरच्या आवाजाचीं तीं मेणाचीं नळकांडीं उपलब्ध आहेत म्हणूनच त्या हरकती आपणांस ऐकूं येतात, हेंही विसरून चालणार नाहीं.

पुढें १९०८ सालीं ग्रामोफोन कंपनीनें टेलरला लंडनला बोलावून त्याच्या आवाजाच्या रेकॉर्डी काढल्या. तत्पूर्वींच त्याच्याकडून मिळालेल्या 'ब्रिग फेअर' ह्या गाण्याच्या चालीवर डीलियस ह्या नामांकित रचनाकारानें मोठ्या वाद्यवृंदासाठीं एक रचना सिद्ध केली होती. चाल टेलरच्या तोंडची, यंत्र ग्रेंजरचें, रेकॉर्ड कंपनीची आणि मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नांव डीलियसचें! मग त्या स्वराचा धनी कोण? हा प्रश्न तेव्हां कोणी मोठ्यानें विचारला नाहीं. शंभर वर्षांनंतर मात्र तो लंडनच्या न्यायालयापर्यंत गेला. मधल्या काळांत यंत्र आणि लोकगीत ह्यांची जी सोयरीक जुळली, तिचा हा वृत्तांत आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड, अमेरिका, आइसलंड इत्यादि देशांत एका नव्या तऱ्हेच्या संगीताचा उदय झाला. एखादा तरुण आपल्या राहत्या खोलींत संगणकासमोर बसतो. जुन्या रेकॉर्डींतून हार्पचा एक झंकार, गिटारची एक ओळ, एखादी घंटा असे तुकडे निवडतो, त्यांची कापाकापी करतो, ते फिरवून फिरवून जोडतो, आणि त्यांतून गाणें उभें करतो. त्या गाण्याला खेड्यांतल्या गीताचा साधेपणा असतो. पण त्याची बांधणी सर्वस्वीं विजेवर चालणाऱ्या अंकगणिती यंत्रावर झालेली असते. तें प्रसिद्ध होतें तें बड्या कंपन्यांकडून नव्हे, तर चार-दोन माणसांनीं चालविलेल्या छोट्या, स्वतंत्र कंपन्यांकडून. इंग्रजींत अशा स्वतंत्र संगीताला 'इंडी' म्हणतात, आणि लोकसंगीत व इलेक्ट्रॉनिक्स ह्या दोन शब्दांची संधि करून ह्या प्रकाराला 'फोकट्रॉनिका' असें एक ओबडधोबड नांव मिळालें आहे. हें नांव ज्यांना दिलें गेलें त्यांनाच तें आवडत नाहीं. असो.

ह्या संगीताचें माहेर कोठें, असें विचारलें तर उत्तर ऐकून श्रोत्यांना थोडी मौज वाटेल. तें माहेर म्हणजे नभोवाणी. पॅरिसच्या नभोवाणींत पिएर शेफर नांवाचा एक अभियंता होता. १९४८ सालीं त्यानें बातिन्योलच्या रेल्वेस्टेशनावर जाऊन आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर टिपून आणले: वाफेचा फूत्कार, चाकांचा खडखडाट, शिट्टी. तबकडीवरील एकच रेघ बंद वर्तुळासारखी कोरली म्हणजे सुई पुढें न सरकतां तोच तोच आवाज पुन्हां पुन्हां काढीत राहते, ही युक्ति त्यानें कामीं आणली आणि इंजिनांच्या आवाजांची एक रचना बांधली. ता. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं ती नभोवाणीवरून प्रसृत झाली. फिरून फिरून येणारा तुकडा हा आजच्या संगणकी संगीताचा पाया होय; आणि तो पाया रुतलेल्या सुईच्या दोषांतून निघाला. घरच्या ग्रामोफोनवर सुई अडकली कीं आपण चटकन् उठून ती पुढें सरकवितों. शेफरनें ती तेथेंच राहूं दिली, एवढाच काय तो फरक.

दहा वर्षांनीं, एप्रिल १९५८ मध्यें, लंडनच्या बी. बी. सी.नें मेडा व्हेल येथील आपल्या इमारतींत 'रेडिओफोनिक वर्कशॉप' नांवाची एक शाळा म्हणा, कारखाना म्हणा, उघडला. नाटिकांना व शालेय कार्यक्रमांना लागणारे विचित्र ध्वनि तयार करणें हें त्याचें काम. डॅफ्नी ओरम ही तिच्या संस्थापकांपैकीं एक. पण वर्षाच्या आंतच ती तेथून बाहेर पडली आणि केंट परगण्यांतील एका जुन्या, हॉप नांवाचीं फुलें वाळविण्यासाठीं बांधलेल्या इमारतींत तिनें स्वतःचीच कार्यशाळा थाटली. सरकारी इमारतींतील यंत्रसामग्री एका व्यक्तीच्या घरीं येण्याचें हें फार लवकरचें उदाहरण होय.

तिच्यामागून आलेल्या डेलिया डर्बिशायर ह्या गणितांत प्रवीण असलेल्या बाईची कथा ह्याहून बोधप्रद आहे. १९६३ सालीं 'डॉक्टर हू' ह्या दूरदर्शन मालिकेसाठीं रॉन ग्रेनर ह्या रचनाकारानें एका कागदावर चाल लिहून दिली. तिचा ध्वनि डर्बिशायरबाईंनीं घडविला. त्या काळीं पेटीसारखे स्वर दाबून वाजविण्याचे सिंथेसायझर त्यांच्याजवळ नव्हते. प्रत्येक स्वर निराळा टिपावयाचा, फितीची लांबी इंचांत मोजून ती कात्रीनें कापावयाची, आणि ते शेंकडों तुकडे चिकटपट्टीनें जोडीत जावयाचें. ग्रेनरनें तें पूर्ण झालेलें संगीत ऐकलें तेव्हां ही आपलीच रचना का, असा त्याला प्रश्न पडला, असें सांगतात. मानधनांत त्यांना वांटा मिळावा अशी त्याची इच्छा होती. पण वर्कशॉपचे नोकर हे नोकर. त्यांचें नांवही द्यावयाचें नाहीं आणि वांटाही नाहीं, असा संस्थेचा नियम. २००१ सालीं डर्बिशायरबाई वारल्या. त्यांचें नांव त्या मालिकेच्या पडद्यावर प्रथम झळकलें तें २०१३ सालीं, पन्नासाव्या वाढदिवसाच्या भागांत. टेलरच्या बाबतींत जें घडलें तेंच येथें निराळ्या वेषांत घडलें; फरक इतकाच कीं, ह्या वेळीं लिहिणाऱ्याला नांव मिळालें आणि नाद घडविणारी अनाम राहिली.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत यंत्रें स्वस्त कशीं होत गेलीं, ह्याचा तपशील लांबविण्याचें कारण नाहीं. १९७९ सालीं सिडनींत तयार झालेलें फेअरलाइट हें यंत्र कोणताही ध्वनि अंकांत रूपांतरित करून पट्ट्यांवर वाजवूं शके. पण तें घेण्याची ऐपत फार थोड्यांची. १९८३ मध्यें निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून 'मिडी' ही सामायिक भाषा ठरली. जपानी कारखान्यांनीं ध्वनीचे तुकडे सांठविणारीं 'सँपलर' नांवाचीं यंत्रें मध्यम किंमतीस आणलीं. आणि शतक संपतां संपतां ह्या सगळ्या पेट्या सामान्य संगणकाच्या पोटांत गडप झाल्या. ध्वनि अंकांत उतरविणें म्हणजे काय, हें एका वाक्यांत सांगतां येईल: सी. डी.वर एका सेकंदाच्या ध्वनीचीं ४४,१०० मापें घेतलेलीं असतात, आणि एकदां ध्वनि हा आंकड्यांचा ढीग झाला कीं तो कापण्यास कात्री लागत नाहीं. डर्बिशायरबाईंना ज्या कामास आठवडे लागत, तें काम आतां शाळकरी मुलगा संध्याकाळीं गृहपाठ आटोपून करूं लागला.

यंत्र घरीं आलें; पण रेकॉर्ड काढून बाजारांत नेणार कोण? ती वाट मँचेस्टरच्या कांहीं पोरांनीं दाखविली. बझकॉक्स ह्या नांवाच्या चमूनें सुमारें ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्यें आपली रेकॉर्ड आपणच काढली; कंपनी नाहीं, अडत्या नाहीं. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें डॅनियल मिलर नांवाच्या तरुणानें घरच्या घरीं एका स्वस्त सिंथेसायझरवर दोन गाणीं केलीं आणि वेष्टनावर घरचाच पत्ता छापला. झालें! देशभरांतून लोकांच्या फिती टपालानें त्याच्या दारीं येऊन पडूं लागल्या, आणि अशा रीतीनें 'म्यूट' ही कंपनी आपोआप उभी राहिली. जानेवारी १९८० पासून अशा स्वतंत्र कंपन्यांच्या खपाची निराळी यादी इंग्लंडांत छापूं लागले. त्याच वंशांतील डॉमिनो ही कंपनी १९९३ सालीं लंडनला निघाली. तिचें नांव पुढें यावयाचें आहे.

लंडनच्या पटनी भागांतील एका शाळेंत तीन मुलांनीं मिळून 'फ्रिज' नांवाचा चमू केला. त्यांपैकीं कीरन हेब्डन हा १९७७ साली जन्मलेला. बाप इंग्रज, आई भारतीय वंशाची व दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेली. चमूचें काम चालू असतांनाच हेब्डन 'फोर टेट' ह्या नांवानें एकटाच रचना करूं लागला. १९९८ सालच्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डीवर एकच रचना होती, ती ३६ मिनिटें २५ सेकंद चालणारी; तिचें नांवही 'छत्तीस-पंचवीस'. नवशिक्याचा हा हट्ट जरा पोरकट म्हणावा लागेल. पण २००१ च्या फेब्रुवारींत डॉमिनो कंपनीशीं त्याचा करार झाला आणि त्याच वर्षीं 'पॉज' ही रेकॉर्ड निघाली, तेव्हां मात्र जाणत्यांनीं कान टवकारले. तिच्यांत हार्प, गिटार, घंटा ह्यांचे तुकडे होते, आणि ते जुन्या लोकसंगीताच्या रेकॉर्डींवरून आल्यासारखे वाटत. २००३ सालीं आलेली 'राउंड्स' ही त्याहून सरस. उत्तर लंडनमधील आपल्या बिऱ्हाडांत, साध्या संगणकावर, घरगुती स्पीकर लावून त्यानें ती केली. तिच्यांतील जवळजवळ प्रत्येक ध्वनि कोणाच्या ना कोणाच्या रेकॉर्डींतून उचललेला. आणि तरीही ऐकणाऱ्याला ती गोधडीसारखी जोडलेली न वाटतां विणल्यासारखी वाटते.

ही किमया कशी साधली? पूर्वींचे इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे ताल ठोकळ्यासारखा चोख ठेवीत; हेब्डननें तुकडे जाणूनबुजून सैल ठेवले. गिटारचा तुकडा तालाच्या किंचित् मागें, घंटेचा किंचित् पुढें. दोन फेरे एकमेकांशीं तंतोतंत न जुळतां हळूहळू सरकत जातात आणि मध्येंच एकत्र येतात. ग्रेंजरनें मेणाच्या नळकांड्यावर ऐकलेली म्हाताऱ्याची ती अनियमितता, जी कागदावर उतरेना, तीच येथें यंत्राकडून मुद्दाम वदवून घेतलेली आहे. ह्या संगीताला लोकसंगीताशीं नातें सांगावयाचें असेल तर तें वाद्यांत नसून येथें आहे. गिटार वाजली म्हणजे लोकगीत झालें, असें मानणाऱ्या त्याच्या कित्येक अनुयायांनीं पुढें जें पाणचट संगीत केलें, त्यांतून हाच गुण हरवलेला दिसतो.

त्याच सुमारास अमेरिकेंत एक गमतीची घटना घडली. बेन गिबर्ड हा सिॲटलकडचा गायक आणि जिमी टँबरेलो हा लॉस एंजेलिसचा संगणकी संगीतकार. दोघे शेंकडों मैल दूर. एकानें तालाचा सांगाडा फितीवर भरून टपालानें धाडावयाचा, दुसऱ्यानें त्यावर गळा व गिटार चढवून परत करावयाचा. ह्या टपाली सहकार्यावरून त्यांनीं चमूचें नांवच 'पोस्टल सर्व्हिस' ठेवलें, आणि 'सब पॉप' ह्या स्वतंत्र कंपनीनें २००३ सालीं त्यांची रेकॉर्ड काढली. अमेरिकेच्या टपाल खात्यानें त्याच वर्षीं नोटीस दिली: हें नांव आमचें आहे, तें वापरूं नये. पण पुढें खात्याचा राग निवळला. तडजोड अशी ठरली कीं, नांव खुशाल वापरावें. मात्र चमूनें टपालाची जाहिरात करावी आणि खात्याच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेंत गावें. त्याप्रमाणें ते २००४ सालीं खरोखरच गाइले. सरकारी खात्यानें इतकी रसिकता दाखविल्याचीं उदाहरणें विरळा.

आतां जिची कथा सांगितल्याविना हा वृत्तांत अपुरा राहील, त्या व्हॅश्टी बन्यन ह्या बाईंकडे वळलें पाहिजे. ह्यांचा जन्म १९४५ चा. विशींत असतांना लंडनच्या एका बड्या व्यवस्थापकानें त्यांना हेरून १९६५ सालीं त्यांची एक रेकॉर्ड काढली; ती चालली नाहीं. शहरास कंटाळून १९६८ सालीं त्या आपल्या सोबत्याबरोबर घोड्याच्या छपरी गाडींतून लंडन सोडून निघाल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेस स्काय बेटावर डोनोव्हन हा गायक कलावंतांची वसाहत वसविणार असल्याचें ऐकलें होतें, तेथें जावयाचें. घोड्याच्या पावलांनीं हा प्रवास फार महिने चालला. त्या पोंचल्या तोंपर्यंत वसाहतींतील मंडळी पांगलीही होती. वाटेंत मात्र त्यांनीं गाणीं रचलीं. तीं जो बॉइड ह्या निर्मात्यानें १९६९ च्या अखेरीस लंडनमध्यें ध्वनिमुद्रित केलीं आणि १९७० सालीं त्यांची रेकॉर्ड निघाली. तिच्या फारच थोड्या प्रती खपल्या. बाईंनीं गाणें सोडलें, मुलें वाढविलीं, आणि तीस वर्षें आपण कधीं गात होतों ह्याचा उच्चारही टाळला.

१९९७ च्या सुमारास त्यांनीं घरीं संगणक घेतला आणि सहज आपलें नांव शोधून पाहिलें, तों जगांत ठिकठिकाणीं लोक त्या विस्मृत रेकॉर्डीचा पाठपुरावा करीत आहेत असें आढळलें! जुन्या प्रतींना संग्राहक भलत्याच किंमती मोजीत होते. त्यांतील एक पैही बाईंपर्यंत येत नव्हती. २००० सालीं ती रेकॉर्ड पुन्हां निघाली. ती ऐकून वेडावलेल्यांत वृद्ध मंडळी थोडी. संगणकावर गाणीं रचणारी विशी-पंचविशींतील पोरेंच अधिक, आणि हेब्डन त्यांतला एक. त्याचा शाळासोबती ॲडेम इल्हान ह्यानेंही बाईंना पुन्हां उभें राहण्यास साथ दिली. २००५ सालीं, म्हणजे पस्तीस वर्षांनीं, त्यांची दुसरी रेकॉर्ड 'फॅटकॅट' ह्या स्वतंत्र कंपनीनें काढली.

पण खरी गंमत तिसऱ्या रेकॉर्डींत आहे. पहिल्या रेकॉर्डीच्या वेळीं निर्मात्यानें निवडलेले वादक व त्यांनीं केलेली सजावट ह्यांमुळें आपल्या गाण्यांना लोकगीतांचा वेष चढला, तो आपल्या मनांतला नव्हता, अशी बाईंची समजूत होती. 'लोकगायिका' ही पदवी त्यांनीं नेहमींच नाकारली आहे. म्हणून तिसऱ्या वेळीं त्यांनीं ठरविलें कीं, सर्व कांहीं आपल्याच हातानें करावयाचें. त्यांना स्वरलिपि येत नव्हती आणि दोन्ही हातांनीं पियानो वाजवितां येत नव्हता. एडिंबरो येथील आपल्या घरीं त्या संगणकासमोर बसल्या, एका हातानें एक ओळ वाजवून ती भरली, मग तिच्यावर दुसरी. असें करीत करीत 'हार्टलीप' ही रेकॉर्ड २०१४ सालीं, वयाच्या एकूणसत्तराव्या वर्षीं, त्यांनीं पुरी केली. घोड्याच्या गाडींतून निघालेल्या बाईला मनासारखें गाणें करावयास अखेर यंत्रच उपयोगी पडलें. शार्पला ही गोष्ट कशी रुचली असती कोण जाणे. ग्रेंजर मात्र खचित हंसला असता.

२०१५ सालीं हेब्डननें स्वतःच्या 'टेक्स्ट' ह्या कंपनीतर्फें 'मॉर्निंग/ईव्हनिंग' ही रेकॉर्ड काढली. दोनच रचना, एक सकाळची व एक संध्याकाळची, प्रत्येकी सुमारें वीस मिनिटें. समयानुसार राग बदलण्याची ज्यांना संवय आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाहीं. सकाळच्या बाजूंत यंत्राच्या मंद ठेक्यावर एक ओळखीचा आवाज तरंगत येतो. तो लता मंगेशकरांचा आहे! उषा खन्ना ह्यांनीं संगीत दिलेल्या 'सौतन' (१९८३) ह्या हिंदी चित्रपटांतील गाण्याचा तो तुकडा. शब्दांकडे हेब्डनचें लक्ष नाहीं. तो त्या आवाजाचा श्वास, मींड आणि लांबलेला स्वर तेवढा घेतो आणि त्याला सकाळच्या उन्हासारखा पसरूं देतो. आपल्या घरांत चहाच्या वेळीं रेडिओवर ऐकलेला आवाज लंडनच्या तरुणाच्या संगणकांतून येतांना ऐकून मराठी श्रोता क्षणभर चपापतो.

ह्या आवाजाच्या धनिणीनें स्वराच्या मालकीचा प्रश्न कधींच हातीं घेतला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. १९६० नंतरच्या दशकांत लताबाईंनीं असा आग्रह धरला कीं, चित्रपटगीताच्या रेकॉर्डीच्या विक्रीवर गायकालाही रॉयल्टी मिळावी. महंमद रफी ह्यांचें मत उलट होतें: ठरलेलें मानधन घेतलें कीं गायकाचा हक्क संपला. ह्या मतभेदावरून दोघांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणें बंद ठेवलें. रफींची निरिच्छता सज्जनपणाची होती ह्यांत शंका नाहीं; परंतु न्याय लताबाईंच्या बाजूला होता. भारताच्या कायद्यानें गायकवादकांचा रॉयल्टीवरील हक्क स्पष्टपणें मान्य केला तो २०१२ सालच्या दुरुस्तीनें, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानें. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं निवर्तल्या.

त्याच वर्षीं हेब्डनच्या स्वतःच्या स्वरांचा निकाल लागावयाचा होता. २००१ साली त्यानें जो करार केला, तेव्हां गाणें विकणें म्हणजे दुकानांत तबकडी विकणें. पुढें तबकडी गेली. लोक तारेवरून गाणें उतरवून घेऊं लागले, नंतर तर नुसतें ऐकून सोडून देऊं लागले. आतां ह्या ऐकण्याला विक्री म्हणावें कीं परवाना? विक्री म्हटली तर करारानुसार कलावंताला शेंकडा १८. परवाना म्हटला तर निम्मे. डॉमिनो कंपनी १८ टक्क्यांच्या हिशेबानें पैसे देत होती. हेब्डननें २०२० सालीं न्यायालयांत दावा लावला. कंपनी बडी नव्हती, परकी नव्हती. ज्या स्वतंत्र कंपन्यांच्या आश्रयानें हें संगीत वाढलें त्यांतलीच ती एक, आणि म्हणूनच हा कज्जा संगीताच्या जगांत सर्वांच्या जिव्हारीं लागला. नोव्हेंबर २०२१ मध्यें खटला चालू असतांनाच कंपनीनें 'पॉज', 'राउंड्स' आणि २००५ सालची 'एव्हरीथिंग एक्स्टॅटिक' ह्या तीन रेकॉर्डी तारेवरील सर्व सेवांवरून काढून घेतल्या. ज्या खोलींत ते स्वर जुळले त्या खोलीच्या धन्याला आपलींच गाणीं लोकांना ऐकवितां येईनात. वाद पैशाचा होता तोंवर कंपनीची बाजूही समजण्यासारखी होती. ह्या कृतीनें मात्र तिनें आपली सहानुभूति गमावली.

जून २०२२ मध्यें तडजोड झाली. कंपनीनें ५६,९२१ पौंड ८ पेन्स द्यावयाचे कबूल केलें आणि तारेवरील ऐकण्यावर व उतरवून घेण्यावर शेंकडा ५० चा दर मान्य केला. तडजोड झाल्यामुळें विक्री कीं परवाना ह्या मूळ प्रश्नावर न्यायाधीशांचा निवाडा मिळाला नाहीं. दुसऱ्या कलावंतांना त्याचा आधार घेतां येईल असा दाखला कायद्यांत राहिला नाहीं. तीनही रेकॉर्डी पुन्हां ऐकावयास मिळूं लागल्या. त्यांची मालकी मात्र तडजोडींत बदलली नाहीं. ती कंपनीकडेच राहिली. हेब्डननें २०१२ पासूनच्या आपल्या रेकॉर्डी, २०२४ सालची 'थ्री' धरून, स्वतःच्या टेक्स्ट कंपनीतर्फेंच काढल्या आहेत.